धोडपची हळहळ

कळवणच्या दक्षिणेस सातमाळा डोंगराची जी रांग पूर्वपश्चिम पसरली आहे, तिच्यातील सप्तशृंग आणि मार्कंड्या ही शिखरे देवदर्शनाच्या निमित्ताने सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. पण त्याच रांगेत, कळवण आणि चांदवड ह्या दोन तालुक्यांच्या शिवेवर, साडेचार हजार फुटांहून अधिक उंचीवर धोडपचा जो किल्ला उभा आहे, त्याच्याकडे मुद्दाम वाट वाकडी करून जाणारा मनुष्य विरळा. माथ्यावर कातळाची प्रचंड शेंडी आणि तिच्या अंगातून बाहेर निघालेली, मध्येच खाच पडून तुटलेली दगडी भिंत, असा ह्या किल्ल्याचा आकार इतका निराळा आहे की, एकदा पाहिलेला धोडप पुन्हा कोठूनही ओळखू येतो. ह्या किल्ल्याच्या आश्रयाने १० जून १७६८ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांशी त्यांचे सख्खे चुलते रघुनाथराव झुंजले, हरले आणि शरण आले. त्यानंतर पाच वर्षांनी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. आणि तेव्हापासून मराठी माणूस धोडपचे नाव निघाले की मान हलवून एकच गोष्ट म्हणतो: माधवरावाने त्या दिवशी दया दाखविली नसती, तर!

ही हळहळ आता दोनशे वर्षांहून जुनी झाली आहे, आणि ती पानिपतच्या हळहळीहून निराळी आहे. पानिपतावर काय चुकले ह्याच्या यादीला अंत नाही. बाजारबुणगे, अब्दालीची वाट, यमुनेचा उतार, इब्राहिमखानाचा हट्ट, ज्याला जे सुचेल ते त्याने त्या यादीत घालावे. धोडपला मात्र एकच मनुष्य, एकच निर्णय आणि दोनच वाटा होत्या, असे आपण धरून चालतो. पश्चात्तापाच्या स्वरूपाचा विचार करणाऱ्याला म्हणूनच हे स्थळ सोयीचे वाटते. कारण येथे आपण नेमके कशाबद्दल हळहळतो, कोणाच्या वतीने हळहळतो, आणि ज्याने हळहळावयास हवे होते त्याने ते कधी केले काय, हे तिन्ही प्रश्न एकाच डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभे राहतात.

परंतु धोडपचा वृत्तांत धोडपपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो कळवण तालुक्यातल्याच अभोण्यापासून. गिरणेच्या काठच्या ह्या गावी ठोके देशमुखांचे वतन होते, आणि देवराव ठोके देशमुखांची कन्या उमाबाई ही तळेगावच्या खंडेराव दाभाडे सेनापतींच्या घरी दिली होती. माहेरच्या ह्या बाईने सप्तशृंगगडावर जाण्यासाठी अठराव्या शतकाच्या आरंभी पायऱ्या बांधविल्या, ही गोष्ट गडावर जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या आयुष्यातील पुढचे प्रकरण मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. गुजरातच्या चौथाई-सरदेशमुखीवरून सेनापती आणि पेशवे ह्यांच्यात वितुष्ट आले, आणि १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईजवळ पहिल्या बाजीरावाच्या फौजेशी लढताना उमाबाईंचा पुत्र त्रिंबकराव दाभाडे गोळी लागून पडला. शाहू छत्रपतींना हा घरचा कलह असह्य झाला. त्यांनी बाजीरावास उमाबाईंपुढे नेले, त्यास तिच्या पायांवर डोके ठेवावयास लाविले आणि बाईंच्या हाती तलवार देऊन पुत्राचा सूड घ्यावयाचा तर येथेच घ्या म्हणून सांगितले, अशी परंपरा आहे. बाईंनी तलवार चालविली नाही. धाकटा मुलगा यशवंतराव ह्यास सेनापतिपद मिळाले, गुजरातची व्यवस्था लागली, आणि दप्तराच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले.

दप्तरात निकालात निघालेले प्रकरण मनातून निघाले असे होत नाही. बाजीराव उमाबाईंच्या पाया पडला तो धन्याच्या आज्ञेने; त्याला आपल्या कृत्याचे शल्य होते की नव्हते हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही, पण त्याने ते आपल्या पायांनी चालत जाऊन, आपल्या तोंडाने सांगितले नाही, एवढे खरे. त्याचा परिणाम एकोणीस-वीस वर्षांनी दिसून आला. शाहू छत्रपती वारल्यानंतर १७५० साली नानासाहेब पेशव्यांनी गुजरातचा अर्धा हिस्सा मागितला तेव्हा ह्याच उमाबाईंनी, पूर्वीचा करार जबरीने झाला होता, तो आम्हांस बंधनकारक नाही, अशी भूमिका घेतली. ताराबाईंचा पक्ष धरला. आणि आपला सरदार दमाजी गायकवाड ह्यास फौज देऊन पेशव्यांच्या मुलखावर पाठविले. १७५१ मध्ये पेशव्यांनी दमाजीस वेढून कैद केले, दाभाडेही कैदेत पडले. दमाजीच्या मते ही कैद दगाफटक्याने झाली होती. तेव्हापासून तो पेशव्यांस डाव्या हाताने मुजरा करी, असे सांगतात. १७५३ मध्ये उमाबाई वारल्या. आणि १७६८ च्या उन्हाळ्यात रघुनाथरावाच्या मदतीस ज्या फौजा आल्या त्यांत, आपला मुलगा गोविंदराव ह्याच्या हाताखाली फौज देऊन पाठविणारा, हाच दमाजी गायकवाड होता. अभोण्याच्या लेकीच्या घरचा न फिटलेला हिशोब पेशव्यांच्या घरच्या नव्या कलहाला जोडून, तिच्याच माहेरच्या डोंगरात येऊन उभा राहिला, ह्या योगायोगाकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

रघुनाथरावाच्या कलहाची हकीकत थोडक्यात अशी. १७६१ मध्ये नानासाहेब वारले तेव्हा माधवराव सोळा वर्षांचा होता, आणि कारभार दादासाहेबांच्या, म्हणजे रघुनाथरावाच्या, हाती होता. पुतण्या कर्ता निघाला, हे काकाचे दुःख. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावी माधवरावाने लढाई हरताच राज्य दुभंगू नये म्हणून आपण होऊन काकाच्या स्वाधीन होणे पत्करले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामावर जो जय मिळाला त्याने पुतण्याचे वजन वाढले. आणि दादांची उत्तरेकडील मोहीम गोहदच्या वेढ्यात अडकून, कर्जाचा डोंगर घेऊन परत आली. १७६७ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीस काकापुतण्यांची भेट झाली, समेट झाला. त्याच हंगामात मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यास आणि त्याचा सहकारी ब्रोम नाशिकास दादांकडे होता, यावरून समेटाची किंमत ज्याने त्याने ओळखावी. १७६८ च्या एप्रिलमध्ये दादांनी अमृतरावास दत्तक घेतले, धोडपास फौज जमविली, होळकरांचा दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड ह्यास जोडून घेतले आणि नागपूरकर जानोजी भोसल्यांची वाट पाहू लागले. माधवरावाने वाट पाहिली नाही. पावसाळा तोंडावर असता तो तडफेने चालून आला आणि भोसले येऊन मिळण्यापूर्वीच त्याने दादांचा मोड केला. दादा किल्ल्यावर गेले. पण दाणावैरण आणि धीर दोन्ही नसता किल्ला किती दिवस पुरणार? ते खाली आले. त्यांचा दिवाण चिंतो विठ्ठल पकडला गेला, गोविंदराव गायकवाड कैद झाला, गंगोबातात्याची रवानगी कैदेत झाली, आणि दादांस पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. अन्नवस्त्र, नोकरचाकर, देवपूजा, कशातच काही उणे नव्हते. माधवराव त्या वेळी तेवीस वर्षांचा होता.

ह्या निर्णयाबद्दल आपण जे हळहळतो ते १७७३ च्या ज्ञानाने हळहळतो. कळवणचा शेतकरी वैशाखात उन्हाळ कांदा बाजार समितीच्या आवारात नेऊन मोकळा होतो किंवा चाळीत भरून ठेवतो. भाद्रपदात भाव चढला की विकणारा कपाळाला हात लावतो, आणि भाव पडून चाळीतला कांदा नासला की साठवणारा. पण वैशाखात निर्णय करताना भाद्रपदाचा भाव कोणाच्याच पंचांगात लिहिलेला नव्हता, आणि म्हणून दोघांपैकी कोणीही अपराधी नसतो. फळावरून होणारी ही हळहळ खरी असते, झोप उडविणारी असते, परंतु तिच्यातून कर्त्याचा न्याय होत नाही. कर्त्याचा न्याय व्हावयाचा तर, करताना त्यास काय ठाऊक होते आणि त्याने कोणत्या बुद्धीने केले, हेच पाहावे लागते. धर्मशास्त्रकारांनी बुद्धिपूर्वक आणि अबुद्धिपूर्वक पातकांस निरनिराळी प्रायश्चित्ते सांगितली ती ह्याच कारणाने.

त्या शास्त्राकडे थोडे वळणे अगत्याचे आहे. कारण आपल्या पूर्वजांनी पश्चात्ताप ही केवळ मनाची अवस्था मानली नव्हती, तिला त्यांनी रीतसर प्रकरण करून टाकले होते. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय, मनुस्मृतीचा अकरावा, आणि त्यांवरील टीकानिबंध ह्यांत ह्या विषयाचा जो पसारा आहे तो पाहावयाचा असल्यास म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड पाहावा. अपराध्याने स्नान करून, ओल्या वस्त्रानिशी विद्वानांच्या पर्षदेपुढे जावे, साष्टांग नमस्कार घालावा, आपले कृत्य आपल्या तोंडाने सांगावे. पर्षदेने विचार करून प्रायश्चित्त नेमून द्यावे. त्याने ते करावे. आणि मग जातिबांधवांनी त्याला पंक्तीस घ्यावे. क्षौर, पंचगव्य, कृच्छ्रे. प्राजापत्य कृच्छ्र म्हणजे बारा दिवसांचे व्रत: तीन दिवस केवळ सकाळी जेवावे, तीन दिवस केवळ रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेच खावे आणि तीन दिवस उपवास करावा. ज्याच्याने हे होत नसेल त्याने एका कृच्छ्राबद्दल एक गाय द्यावी, आणि गाय नसेल तर तिची किंमत. ह्या बदलीस प्रत्याम्नाय म्हणत. मनूने उघड सांगणे आणि अनुताप ह्या दोहोंस पापमोचनाच्या साधनांत अग्रस्थान दिले आहे, आणि दान हे अडचणीच्या वेळचे साधन म्हणून शेवटी ठेविले आहे. व्यवहारात हा क्रम उलटा झाला असेल तर तो दोष स्मृतिकारांचा नव्हे.

मराठेशाहीच्या दिवाणी कज्ज्यांतही ह्याच मनोवृत्तीची छाया आढळते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे उभा राहिला की, निवाडा होईल तो मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून आधी लिहून घेत. महजर होई, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही होई. आणि अखेरीस जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, एवढ्यावर न थांबता हरणाऱ्याने आपला दावा खोटा होता असे येजितखत स्वहस्ते जिंकणाऱ्यास लिहून द्यावे, असा प्रघात होता. नुसता निकाल पुरत नसे, कबुली लागे. राजकारणातही हा मार्ग अगदीच बंद नव्हता. नेतोजी पालकर मोगलांकडे जाऊन, मुसलमान होऊन, जवळजवळ दहा वर्षांनी परत आला तेव्हा १६७६ मध्ये त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले. परत येणाऱ्याला दार असावे, पण दारात उभे राहून तो काय बोलतो हेही ऐकावे, अशी ही एकंदर व्यवस्था होती.

आता धोडपच्या शरणागतीकडे पुन्हा पाहावे. रघुनाथराव किल्ल्यावरून उतरले ते मोर्चे लागले म्हणून. राज्य वाटून मागितले ही चूक झाली, इंग्रजांशी संधान बांधले ही चूक झाली, असे त्यांनी त्या दिवशी किंवा पुढल्या चार वर्षांत कोणापुढे मोकळेपणाने सांगितल्याचे दिसत नाही. बाजीराव उमाबाईंच्या पाया पडला तो छत्रपतींच्या आज्ञेने, राघोबा माधवरावाच्या स्वाधीन झाले ते तोफांच्या आज्ञेने; दोन्ही वेळी समोरच्याने क्षमा केली, आणि दोन्ही वेळी त्या क्षमेच्या पोटात जुने भांडण जसेच्या तसे शाबूत राहिले.

पुढची हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरास क्षयाने वारला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात शिरून अठरा वर्षांच्या नारायणरावास ठार केले. आनंदीबाईने धरावे ह्या शब्दातील ध चा मा केला, ही कथा बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आली आहे. मूळ कागदाचा आधार तिच्यामागे नाही. मला ह्या कथेत दुसरेच काही दिसते. एका राज्यातील सर्वांत घोर अपराध एका अक्षरावर आणि एका बाईवर ढकलून देण्याची ती सोय आहे. दादांनी धरावे एवढेच म्हटले असेल, असे क्षणभर मानले, तरी गारद्यांसारख्या भाडोत्री लोकांस पेशव्याच्या वाड्यात घुसवून धरण्यास सांगणारा मनुष्य परिणामाविषयी अजाण होता, असे कोण म्हणेल?

रामशास्त्री प्रभुणे यांनी तसे म्हटले नाही. माहुलीच्या ह्या गृहस्थाने काशीस अध्ययन केले होते आणि माधवरावाच्या कारकीर्दीत तो न्यायाधीश होता. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात जी हकीकत दिली आहे तीप्रमाणे, शास्त्रीबोवांनी सुमारे दीड महिना चौकशी करून दादांस तोंडावर जबाबदार धरले. दादांनी पकडण्याचा हुकूम आपला असल्याचे मान्य केले, आणि ह्याला प्रायश्चित्त काय म्हणून विचारले. देहान्त, असे उत्तर मिळाले. इतके बोलून शास्त्री पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. शब्द नेमके हेच होते की नाही ह्याविषयी अभ्यासकांनी शंका घ्यावी. मला महत्त्व वाटते ते प्रश्नाचे. प्रायश्चित्त काय, हा प्रश्न ओल्या वस्त्रानिशी आलेल्या मनुष्याचाही असू शकतो आणि मोल विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचाही असू शकतो. शास्त्र्यांनी तो दुसऱ्या प्रकारचा आहे हे ओळखले, आणि जे मोल सांगितले ते देता न येणारेच सांगितले.

ह्याच दादांच्या दोन वकिलांची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इंग्रजांचे साहाय्य मिळविण्यासाठी त्यांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार रतनजी नावाचा पारशी ह्यांस विलायतेस पाठविले होते. १७८१ मध्ये हे लोक लंडनला होते. एडमंड बर्कसारख्या थोर वक्त्याने हणमंतरावास आपल्या गावच्या घरी नेऊन, त्याचा आचार सांभाळता यावा म्हणून स्वतंत्र जागा करून दिली. परत आल्यावर समुद्रगमनाच्या पातकाबद्दल सोन्याची योनी करवून तिच्यातून निघून पुनर्जन्म घेतल्याचे प्रायश्चित्त ब्राह्मण वकिलांस करावे लागले, अशी नोंद काशीत राहिलेल्या विल्फर्ड नावाच्या युरोपियन पंडिताने केली आहे. धन्याच्या हुकुमाने समुद्र ओलांडणाऱ्या नोकराला सोन्याच्या खर्चात का होईना नवा जन्म मिळाला. पुतण्याच्या रक्ताने हात माखलेल्या धन्याला तो मिळाला नाही. आमच्या प्रायश्चित्तव्यवस्थेतील हास्यास्पद भाग आणि गंभीर भाग असे एकाच घरात शेजारी शेजारी पडलेले आढळतात.

सतराव्या शतकातील डच तत्त्वज्ञ स्पिनोझा म्हणतो की, पश्चात्ताप हा सद्गुण नव्हे. पश्चात्ताप करणारा एकदा कृत्याने आणि दुसऱ्यांदा दुःखाने, असा दोनदा दुबळा ठरतो. परंतु जी माणसे विवेकाने चालत नाहीत त्यांच्या बाबतीत पश्चात्तापाने अपायापेक्षा उपायच अधिक होतो, असेही तोच कबूल करतो. राघोबादादांकडे पाहिले की स्पिनोझाचे दुसरे विधान पटते आणि पहिल्याविषयी संशय येतो. बारभाई म्हणविणाऱ्या मुत्सद्द्यांनी कारभार हाती घेतल्यावर सुरतेचा तह, पुरंदरचा तह, वडगावचा तह, असा आठ वर्षांचा जो प्रपंच झाला, त्यात हजारो माणसे मेली आणि साष्टी कायमची गेली; त्या आठ वर्षांत दादा दोनदा दुबळे झाले असते तर राज्याचे बरेच झाले असते. १७८२ च्या साल्बाईच्या तहाने त्यांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक झाली, ते गोदावरीकाठी कोपरगावास येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. रामशास्त्री बारभाईंच्या बोलावण्यावरून न्यायासनावर परत आले होते. ते १७८९ पर्यंत होते.

राहता राहिला माधवराव, आणि त्याच्या दयेबद्दलची आपली हळहळ. धोडपास जे त्याला ठाऊक होते, त्यावरून त्याने केलेला निर्णय मला चुकीचा वाटत नाही: काका महत्त्वाकांक्षी आहे, अस्थिर आहे, पण खुनी आहे असे मानण्यास तेव्हा काडीचा आधार नव्हता, घरचे माणूस मारून राज्य राखण्याची चाल पेशव्यांच्या घराण्यात नव्हती, आणि ती पाडणारा पहिला पुरुष आपण व्हावे असे त्याला वाटले नाही ह्यात त्याची थोरवीच आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो थेऊरच्या मृत्युशय्येवर घ्यावा. तेथे माधवरावाने नारायणरावाचा हात दादांच्या हाती दिला. त्या वेळी चार वर्षांचा अनुभव गाठीस होता, आणि दादांच्या तोंडून धोडपविषयी कबुलीचा एक शब्द कधी निघालेला नव्हता, हे त्याला भविष्य न पाहताही दिसत होते. दोष त्या विश्वासाला द्यावा. धोडपला देऊ नये.